गवताखालचा किल्ला

माझे बाबा पुण्यात पुरातत्त्वाच्या एका संस्थेत ड्राफ्ट्समन होते. विद्वान मंडळी उन्हातान्हात खणायची आणि बाबा त्यांच्यामागे टेप, ओळंबा आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन फिरायचे. भिंत कुठे सुरू होते, कुठे संपते, राख किती खोलीवर लागली, हे सगळं मोजून कागदावर उतरवायचं काम त्यांचं. लेख संस्थेतल्या सरांच्या नावाने छापून यायचा आणि नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात बाबांची आद्याक्षरं असायची. भिंग घेऊन ती शोधायची, हा आमच्या घरातला खेळ होता. पुढे मीही त्याच वाटेला लागले. मेलबर्नच्या पश्चिमेला जी नवी घरं होत असतात, त्यांच्या गटारांचे आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे मी काढते. बाबा म्हणायचे, मी जमिनीखाली गेलेलं काढतो आणि माझी लेक जमिनीखाली जायचं ते काढते. हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि मी दर वेळी चहाचं निमित्त करून आत पळायचे.

त्यांनी काढलेल्या शेकडो नकाशांपैकी एकच आमच्या भिंतीवर होता. तो आपल्याकडचा नव्हता. युरोपात, रोमन साम्राज्याच्या पार कडेला, एक छोटासा किल्ला होता, त्याच्या अवशेषांचा तो नकाशा. बाबांच्या सरांना तिथल्या उत्खननाला बोलावणं आलं होतं आणि सर बाबांना बरोबर नेणार होते. पासपोर्ट झाला, एक लोकरीचा कोटही शिवून झाला. मग मी दीड महिना आधीच जन्माला आले, आई आणि मी दोघीही दवाखान्यात, आणि सर एकटेच गेले. परत येताना त्यांनी मोजमापांच्या वह्या आणि कच्ची रेखाटनं आणली आणि बाबांनी पुण्यात बसून त्यावरून पक्का नकाशा केला. पाच महिने ते त्यावर बसले होते. न पाहिलेल्या त्या किल्ल्यात मी डोळे मिटून फिरू शकतो, असं ते म्हणायचे, आणि खरंच फिरायचे. वीज गेली की गॅलरीत बसून मला फिरवायचे. इथून आत, हे धान्याचं कोठार, इथे डावीकडे वळ, ही शिपायांची बराक, जपून, इथे पायरी खचलीय.

माझ्यामुळे त्यांचं जाणं राहिलं, हे त्यांनी मला कधीही ऐकवलं नाही. आईने ऐकवलं, तेही हसत, पण मला ते लागायचं ते लागलंच.

मी मेलबर्नमध्ये क्लेटनला शिकायला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. शिक्षण, नोकरी, कायम राहायचा पीआर, लग्न, मुलगी, टार्निटमधलं घर, सगळं ठरलेल्या क्रमाने झालं. सिटिझनशिपच्या समारंभात सगळ्यांना एकेक रोप दिलं होतं. ते मी लावलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मारलं. त्या दिवशी बाबांनी फोनवर मला सांगितलं की त्यांच्या किल्ल्यातले शिपाईसुद्धा रोमन नव्हतेच. कुठून कुठून भरती होऊन आलेले, पंचवीस वर्षं सीमेवर काढायची, मग त्यांना नागरिकत्व मिळायचं. तुला जरा लवकर मिळालं, असं म्हणून ते हसले. मग आईने फोन घेतला आणि पासपोर्टचा रंग विचारला.

आई गेली आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे राहिले. मी त्यांची एकुलती एक. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती, बाबा इथे हवे होते. सुट्टीपुरते नाही, कायमचे. सकाळी उठल्यावर त्यांच्या खोकण्याचा आवाज यायला हवा होता, बाकी मला काही नको होतं. पण विषय काढला की बाबा म्हणायचे, लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, मुक्कामाला जाऊ नये. ज्या माणसाने आयुष्यात सत्यनारायण घातला नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट दिली, तो माणूस हे म्हणायचा. मी चिडायचे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि नाक बाबांचंच आहे.

शेवटी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ते चार महिन्यांसाठी आले. मी मनात ठरवलं होतं की एकदा आले की जाऊ द्यायचं नाही. पुढची खोली त्यांच्यासाठी केली. खिडकीशी टेबल, टेबलावर चांगला दिवा, पलंगाला हाताशी आधार, बाथरूम खोलीला लागून. वाढीव मुक्कामाचे फॉर्म डाउनलोड करून ठेवले, डॉक्टर शोधून ठेवला, मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये त्यांचा नंबरही घातला. त्यांना फक्त विचारायचं राहिलं होतं. ते मी हळूहळू करणार होते.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मागच्या अंगणात गेले. अंगण म्हणजे काय, तर बिल्डरने सोडून दिलेली उघडी जमीन, एक कपडे वाळत घालायचं चक्र आणि पाया खणताना निघालेल्या दगडांचा ढीग. लॉन लावायचं आमचं तीन वर्षं चाललं होतं. बाबांनी वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, मग एक दगड उचलून दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला. म्हणाले, अगं, ही तर आपलीच काळी माती, आणि हा आपलाच काळा दगड. इथेही ज्वालामुखीच होता. त्यांना इतका आनंद झाला की कुणी ओळखीचं भेटल्यासारखे ते दिवसभर खिडकीतून त्या ढिगाकडे बघत होते. मला वाटलं, चला, रमले.

पण रमले म्हणजे तरी काय? सकाळी आम्ही दोघं कामाला, मुलगी शाळेत. ट्रेनने काय, गाडीने काय, घरी यायला मला सहा वाजायचेच. बाबा दिवसभर त्या छान खोलीत. स्वतः चहा करायचे, पण कप कुठे ठेवायचा हे दर वेळी विचारायचे. फ्रिज उघडतानासुद्धा विचारायचे. दुपारी ते शेजारच्या पंजाबी कुटुंबाकडे जायला लागले. त्यांच्या मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे वेगळं छोटं घर, आहे आणि त्यात त्यांचे म्हातारे वडील राहतात. बाबा घरी येऊन मला त्याचं वर्णन सांगायचे. बेताची खोली, स्वतःची शेगडी, स्वतःचं दार. दादाजी मनात येईल तेव्हा चहा करतात, आणि संध्याकाळी मुलाच्या घरी जेवायला जाताना बूट घालून जातात, बरं का. मी पोळ्या लाटत हं, हं करायचे. मला वाटायचं, शेजाऱ्यांच्या गप्पा आहेत.

दिवाळी जवळ आली तशी मंडळाची किल्ले स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक घरोघरी येऊन मुलांचे किल्ले बघणार होते. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. बाबांनी येताना तिच्यासाठी मातीचे मावळे आणि सिंहासनावर बसलेले महाराज सदऱ्यांच्या घड्यांत गुंडाळून आणले होते. आता आजोबा म्हटल्यावर रायगड नाहीतर सिंहगड होणार, असं मी धरून चालले होते. एका संध्याकाळी घरी आले तर मागच्या जमिनीवर खुंट्या ठोकलेल्या, सुतळ्या ताणलेल्या, आणि माझी लेक गुडघ्यावर बसून टेप धरतेय. बाबा तोच किल्ला मांडत होते. एकास पन्नास प्रमाणात. मोठा आयत, कोपरे गोल, चार बाजूंना चार दारं, मध्ये मुख्य कचेरी. ते म्हणाले, सपाट जागा आहे ना, सपाटीवरचाच किल्ला शोभेल.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एक चूक केली, आणि ती त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की मला हसावं की रडावं कळेना. आपल्याकडे भर दुपारी सावली उत्तरेला पडते. जन्मभर त्या हिशेबाने दिशा धरायची सवय. इथे सूर्य उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेला पडते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दोन भिंती रचून झाल्यावर एका संध्याकाळी पूर्वेच्या दारात सूर्य मावळताना दिसला. चाळीस वर्षं नकाशावर उत्तरेचा बाण काढणारा माणूस डोक्याला हात लावून बसला. माझा नवरा म्हणाला, बाबा, राहू द्या, कोणाला कळणार आहे? बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने गाडी धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी सगळे दगड उचलून किल्ला फिरवून मांडला.

काम चालू असताना बाबा नातीला गोष्टी सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धवट ऐकायचे. हा किल्ला मुळात सापडला कसा, ते सांगत होते. वर शेत होतं, कुणाला काही माहीत नव्हतं. एका कोरड्या उन्हाळ्यात पीक वाळायला लागलं. जिथे खाली भिंत होती तिथे माती कमी, ओल कमी, म्हणून तिथलं आधी पिवळं पडलं, आणि वरून बघणाऱ्याला अख्खा किल्ला रेषांनी काढलेला दिसला. लेक म्हणाली, "लाइक अ घोस्ट?" बाबा म्हणाले, भूत कसलं, पाणी कमी पडलं की जे आहे ते दिसतं.

दुसऱ्या एका दिवशी तिने विचारलं की शिपायांच्या बायकामुलं कुठे राहायची. बाबांनी पूर्वेच्या दाराबाहेर बोट दाखवलं. आत घरच्यांना जागा नसे. ती माणसं दाराबाहेर लहान लहान घरं करून राहायची. लेक म्हणाली, "दॅट्स सो मीन." तेव्हा बाबांनी तिला समजावलं की त्यात वाईट काही नाही. आत शिस्त, वेळा, भोंगे. बाहेर आपली चूल, आपली भाजी. शिपाई सुटला की दोन पावलांवर घर, रोज भेट होते आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. पण सरांनी भिंतीबाहेर खणलंच नाही, त्या हंगामात वेळ उरला नाही, म्हणून नकाशात बाहेर सगळं कोरं आहे, ही त्यांची जुनी खंत होती. तीही त्यांनी तिला सांगितली. आणि हेही, की नुसत्या भिंतीवरून माणूस राहत होता असं म्हणता येत नाही, ती कोठाराचीही असेल, गोठ्याचीही असेल. चूल सापडली की म्हणायचं, इथे कुणीतरी राहत होतं. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं.

परीक्षक आले त्या दिवशी माझी चांगलीच शोभा झाली. बाबांनी किल्ला उभा केलाच नव्हता. अवशेष केले होते. चार बोटं उंचीच्या दगडी ओळी, कुठे ढासळलेल्या, कुठे एखादा दगड गायब, अगदी नकाशात होतं तसं. वर मोहरी आणि हळीव पेरलेलं, ते थंडीमुळे खुरटं उगवलेलं. कचेरीच्या मधोमध लेकीने हट्टाने महाराजांना बसवलं होतं आणि मावळे रोमन दारांवर पहारा देत होते. परीक्षक ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग अदबीने म्हणाल्या, काका, पूर्ण करायला वेळ मिळाला नाही का? बाबा उत्साहाने सांगायला लागले की तो पूर्णच आहे, पडका आहे तेवढाच. ताईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. समोरच्या गल्लीतल्या थर्मोकोलच्या प्रतापगडाला पहिलं बक्षीस मिळालं आणि आम्हाला उत्तेजनार्थ. लेक प्रमाणपत्र घेऊन रडली. "आजोबा, नोबडी वॉन्ट्स अ ब्रोकन वन." बाबांनी तिला जवळ घेतलं आणि चकली दिली.

खरं भांडण त्यानंतर आठ दिवसांनी झालं. बाबांनी परतीचं तिकीट पक्कं केल्याचं मला नवऱ्याकडून कळलं. मला न सांगता त्यांनी त्याच्याकडून एअरलाइनला फोन लावून घेतला होता. मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि टेबलावर आपटला. काय कमी आहे इथे, तिकडे एकट्याने पडलात तर कोण आहे, मी किती दिवस फोनच्या रिंगला दचकत जगायचं, सगळं बोलले. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझं घर चांगलं आहे गं. पण मी सारखा आत आहे."

मला वाटलं, एवढं करून हे ऐकायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी म्हणाले, "तुमचा जीव पडक्या घरांतच रमतो, बाबा. उभं घर तुम्हाला दिसतच नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. फॉर्म नीट जुळवून मला परत दिले. पुढचे सहा दिवस आम्ही एकमेकांशी अगदी व्यवस्थित बोललो, साखर देऊ का, औषध घेतलं का, एवढंच. मी मागच्या अंगणात पाऊलही टाकलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा त्यांच्या बुटांना ओला चिखल होता. उद्या विमानात हेच बूट घालायचेत ना, असं मी तुसडेपणाने म्हणाले आणि बूट धुऊन गॅरेजमध्ये वाळत टाकले. एअरपोर्टवर त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याही फिरवला. आत जाताना मागे वळून बघण्याची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी मात्र दोनदा वळले.

ते गेल्यावर त्याच आठवड्यात मी लॉनवाल्याला बोलावलं. तीन वर्षं जे रेंगाळलं होतं ते मला तीन दिवसांत हवं होतं. मोहरी तोवर गुडघ्याएवढी वाढली होती, खाली काय आहे ते दिसतही नव्हतं. त्याने विचारलं, दगड उचलायचे की वरून माती टाकू? मी म्हणाले, टाका माती. त्याचं "नो वरीज" झालं आणि मी कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर सगळं हिरवंगार, सपाट, कॅटलॉगमधल्यासारखं. मावळे आणि महाराज लेकीने आधीच काढून खिडकीत ठेवले होते. ती माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

मी बाबांना फोनवर सांगितलं, जरा ठसक्यातच, की तुमच्या किल्ल्यावर माती घालून लॉन लावलं. मला वाटलं त्यांना लागेल. खरं सांगायचं तर लागावं असंच वाटत होतं. बाबा म्हणाले, "बरं केलंस. खणून झालं की आम्हीही बुजवतोच. मातीखाली टिकतं."

पुढच्या जूनमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. मी तीन आठवडे पुण्याला जाऊन आले. दोन स्टेंट घातले, दिवसरात्र सोबतीला एक बाई ठेवल्या, आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास आता विसरा म्हणून सांगितलं. डोळ्यांचंही त्याच सुमारास सुरू झालं. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. नकाशे काढणाऱ्या माणसाला देवाने निवडून हाच आजार द्यावा? व्हिडिओ कॉलवर ते माझ्याकडे बघण्यासाठी मान वळवून खिडकीकडे बघायचे. पुढच्या खोलीत मी माझं ऑफिसचं टेबल मांडलं. पलंगाचा आधार काढायचा राहिला, तो अजून आहे.

गेल्या ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही पंधरा दिवस सिडनीला, गिरावीनला मैत्रिणीकडे गेलो. लॉनला पाणी घालायला कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या पंधरवड्यात मेलबर्नला उत्तरेचं गरम वारं सुटलं होतं, एक थेंब पाऊस नाही. परत आलो, बॅगा दारातच टाकल्या आणि लेक मागच्या दाराकडे पळाली. तिथूनच तिने हाक मारली. "मॉम. कम हिअर. आजोबांचा फोर्ट."

लॉन सगळंच मलूल झालं होतं, पण एकसारखं नाही. फिक्या हिरव्यात पिवळ्याजर्द रेषा होत्या. मोठा आयत, गोल कोपरे, चार बाजूंना दारांचे चार खंड, मध्ये कचेरीचा चौक. आतल्या बराकींच्या रेषा पुसट होत्या, पण कुठे बघायचं हे माहीत असलं की दिसत होत्या. मी वरच्या मजल्यावर जाऊन खिडकीतून पाहिलं. तो आमच्या भिंतीवरचा नकाशा होता. मी खाली येऊन गवतावर बसले आणि रडले. लेक शेजारी बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, माझ्या आईसारखा.

आमच्याकडे दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेआठ. मी फोटो काढून पाठवला आणि लगेच फोन केला. बाबा म्हणाले, फोटोत मला पिवळा डाग दिसतोय, बाकी काही नाही. तू मोज आणि सांग. मी गॅरेजमधून टेप आणला. लेक एक टोक धरून धावत होती, मी आकडे वाचत होते. उत्तरेची भिंत. बरोबर, बाबा म्हणाले. पश्चिमेचं दार. तिथे डावीकडे एक दगड कमी असेल. होता. त्यांचा आवाज हळूहळू गॅलरीतल्या आवाजासारखा व्हायला लागला. आता आत ये. उजवीकडे कोठार. जपून. मी खरंच जपून पाय टाकत होते.

पूर्वेच्या दाराशी आल्यावर मी थांबले. दाराबाहेर, कपड्यांच्या चक्राच्या पलीकडे, कुंपणाच्या बाजूला, आणखी एक चौकोन होता. हा मी कधी पाहिला नव्हता. दाराची फट सोडली तर चारही भिंती एकसंध पिवळ्या, एकही दगड ढासळलेला नाही. किल्ल्याच्या मानाने तो फार मोठा होता, आणि बाबांच्या हातून मापाची चूक होत नाही. मी मोजून सांगितलं, खरोखरच्या बेताच्या खोलीएवढा होता.

"बाबा, हा तर नकाशात नव्हता."

"नव्हता," ते म्हणाले. "सरांनी तिथे खणलंच नव्हतं."

"मग हा कुणी केला?"

"मी केला. निघायच्या आदल्या दिवशी."

मला ते चिखलाचे बूट आठवले. शेजारच्यांच्या कुंपणापलीकडून ग्रॅनी फ्लॅटचं छप्पर दिसत होतं. आणि त्याच रांगेत, आमच्या बाजूला, हा चौकोन होता. त्याचं दार आमच्या स्वयंपाकघराकडे होतं.

"आत एका कोपऱ्यात बघ," बाबा म्हणाले. "चपटा दगड ठेवला होता. लागतोय का?"

कोपऱ्यात तळहाताएवढं गवत पार वाळून करडं झालं होतं. मी तिथे बोट टेकवलं.

"चूल आहे, बाबा."

"मग तिथे कुणीतरी राहणार होतं," ते म्हणाले.

लेक टेपचं टोक धरून माझ्याकडे बघत होती. मग मी विचारलं की हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही. पलीकडे त्या सोबतीच्या बाई त्यांना चहा हवा का विचारत होत्या.

"मला वाटलं, तू बघशील," ते म्हणाले. "नकाशे वाचणारी तू."

इतकी वर्षं मी नकाशे वाचतेय. दुसऱ्यांच्या घराखालून कुठला पाइप कुठे जातो ते मला डोळे झाकून सांगता येतं. त्या शेवटच्या संध्याकाळी मागचं दार उघडून मी दहा पावलं चालले असते तर मला हे वाचता आलं असतं, आणि बाबांना तेव्हा विमानात बसता येत होतं.

मी म्हणाले की मी येते पुण्याला, मार्चमध्ये रजा मिळेल. ये, ते म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम रोजचा झाला. "आणि ऐक, आता लॉनला पाणी घाल. पुरेसं पाहून झालं. गवत मरू देऊ नकोस."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी नळी लावली. उत्तरेच्या भिंतीपासून सुरुवात केली, कोठार, बराकी, कचेरी सगळं भिजवलं. चार दिवसांत रेषा पुसट झाल्या, आठवड्यात किल्ला नाहीसा झाला. आता हिरवं, सपाट लॉन आहे, फक्त कपड्यांच्या चक्रापलीकडे एक पिवळा चौकोन आहे. नवरा म्हणतो, तिथे तुझी नळी पोचत नाही का? पोचते. तिथे मी पाणी घालत नाही.